दुसऱ्या गुरुवारची साडी

"अहो, हातातलं काम ठेवा आणि आधी ओजिमाला जा. उल्काकडे. माझी हिरवी इरकल घ्या आणि तशीच शाळेत घेऊन या. टॅक्सी करा."

"आत्ता? अगं कुमुद, मी मीटिंगमध्ये आहे."

"तुम्ही रोजच मीटिंगमध्ये असता. इथे वीस पोरं कोळसा हातात धरून बसलीत माझ्यामुळे. एक तर रडतेय. लवकर या."

फोन बंद झाला. दुपारचा दीड वाजला होता. २०१३ सालचा नोव्हेंबर, गुरुवार. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात कुमुदिनीने स्वतःच्या कामासाठी मला ऑफिसात फोन केल्याचं मला आठवत नव्हतं. आमच्या मुलाच्या, अद्वैतच्या तापासाठी केला होता, माझ्या आईच्या पथ्यासाठी केला होता, एकदा गॅस संपला म्हणून केला होता. साडीसाठी हा पहिलाच.

आता ही शाळा कुठली आणि कोळसा कसला, ते आधी सांगतो.

आम्ही २००८ मध्ये टोकियोला आलो. मी एका संशोधन संस्थेत धातूंच्या चिरा मोजतो. कुमुदिनी पुण्यात एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क होती. अख्ख्या शाळेचे दाखले, रजा, हजेऱ्या तिच्या बोटांवर. माझ्यासाठी तिने ती नोकरी सोडली आणि निशी-कसाईच्या दोन खोल्यांत येऊन राहिली. इथे तिची ओळख एवढीच, की ती नीलकंठ-सानची बायको. कचऱ्याचे वार तिने आठवड्यात पाठ केले, वॉर्ड ऑफिसच्या फुकटच्या वर्गात मोडकंतोडकं जपानी शिकली, आणि मग करण्यासारखं फारसं काही उरलं नाही. मला हे कळत होतं. कळून मी काही केलं नाही, हेही खरं.

आमच्या खालच्या मजल्यावर इइदा-सान नावाच्या म्हाताऱ्या बाई राहतात. २०११ च्या अकरा मार्चला, भूकंपाच्या दिवशी गाड्या बंद पडल्या आणि मी संस्थेतून चालत निघालो. मी घरी पोचेपर्यंत या दोघी समोरच्या बागेत एका बाकावर, एकाच शालीत बसून होत्या. पुढे कितीतरी दिवसांनी इइदा-सान मला म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं चित्रकला शिकवली. तुमच्या मिसेस त्या दिवशी पाच तास बसल्या. पाठ वाकली नाही, मान ढळली नाही. असं बसता येणारी माणसं फार कमी असतात." मी जपानी सौजन्य समजून मान डोलावली.

इइदा-साननी मात्र ते मनावर घेतलं होतं. त्यांच्या जुन्या शाळेत, बसने वीस मिनिटांवरच्या एका सरकारी हायस्कूलमध्ये, चित्रकलेची वेगळी शाखा आहे. शाळा तशी चारचौघींसारखी, बेसबॉलच्या मैदानाची. पण दर वर्षी चाळीस मुलं चित्रं काढायला लावून निवडून घेतात. मग ती मुलं इतिहास-गणिताबरोबर निम्मा वेळ चित्रंच काढत राहतात. काही तर दीड-दीड तास गाडीने येतात. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक मोठं चित्र करावं लागतं, समोर बसलेल्या माणसाचं, कोळशाने. ते चित्र फेब्रुवारीच्या प्रदर्शनात लागतं आणि त्यावर त्यांचं शेवटचं वर्ष ठरतं. त्यासाठी वीस-वीस मुलांचे दोन गट करतात, आणि त्यातल्या एका गटासमोर बसायला माणूस हवा होता. सलग चार गुरुवार, दर वेळी तीन तास. इइदा-साननी कुमुदिनीचं नाव सुचवलं.

पहिल्या गुरुवारी ती घरी आली तेव्हा मी विचारलं, "काय केलंस?"

"बसले."

"बसलीस म्हणजे?"

"वीस मिनिटं बसायचं, दहा मिनिटं सुट्टी, परत वीस मिनिटं. खुर्चीच्या पायांभोवती टेप लावतात, माझ्या पावलांभोवतीही. म्हणजे परत तिथेच बसता येतं."

"एकतीस वर्षांत घरात कधी तुला बसलेली पाहिली नाही," मी म्हणालो, "बसायला शाळेत गेलीस होय?"

मी माझ्याच विनोदावर हसलो. ती हसली नाही. "तुम्ही पाहिलीच नसेल," एवढंच म्हणाली आणि कुकर लावायला उठली.

दुसऱ्या गुरुवारी सकाळी ती दोन साड्या दोन हातांवर घेऊन समोर उभी राहिली. "जांभळी नेसू की निळी?"

मी टोस्टला लोणी लावत होतो. "कोणतीही नेस गं. कोण बघतंय?"

हे वाक्य मी तिला आयुष्यभर इतक्यांदा ऐकवलं आहे, की तोंडातून बाहेर पडताना मला ते ऐकूही येत नाही. ती जांभळी नारायणपेठ नेसून गेली. मागच्या गुरुवारी हिरवी झाली होती. त्याच लोकांसमोर लागोपाठ तीच साडी नेसून जायचं? सांगलीत कोणी जात नाही, पुण्यात जात नाही, मग टोकियोत का जावं? बाईकडे एकच साडी आहे असं वाटायचं पोरांना. शिवाय हिरवी घरात नव्हतीच. उल्का आमच्या इथल्या मराठी मंडळातली; तिच्या मुलीचा, शिवानीचा मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात नाच होता, तिच्यासाठी रविवारी उल्का ती घेऊन गेली होती.

शाळेत काय झालं ते मला नंतर कळलं. कुमुदिनी जांभळ्या साडीत वर्गात शिरली आणि वीस मुलं गप्प झाली. त्यांचे सर, होसोया-सेन्सेई, वाकून म्हणाले, "फार सुंदर आहे. खरोखरच फार सुंदर. पण थोडंसं..." आणि थांबले. इथला माणूस नाही म्हणायच्या ऐवजी 'थोडंसं' म्हणतो आणि पुढचं तुमच्यावर सोडतो. कुमुदिनीला वाटलं, कौतुक चाललंय. तिने वाकून आभार मानले, खुर्चीत बसली आणि पदर नीट केला. तेवढ्यात मागच्या रांगेतली मिनागावा नावाची मुलगी आपल्या चित्रफळीकडे पाहून हुंदके द्यायला लागली. तिच्या कागदावर साडीच्या निऱ्यांची एकेक रेघ निम्मी काढून झाली होती. समोर आता दुसराच काठ होता, दुसरंच कापड, दुसरीच घडी. एका मुलाने धीर करून मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "लास्ट वीक. सेम. फोर वीक सेम."

तेव्हा कुमुदिनीला कळलं. शाळेची हेडक्लार्क होती ती, चूक कळली की कारणं देत बसणारी नव्हे. सेन्सेई म्हणत होते, हरकत नाही, पुढच्या आठवड्यात बघू. पण चारातला एक गुरुवार गेला तर वीसही चित्रं अर्धी राहणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तिने टीचर्स रूममधला फोन मागितला.

तर मी मीटिंगमध्ये उभा. आमच्याकडे भर दुपारी मीटिंग सोडून जाणं म्हणजे घरात कोणी गेलं असलं तर. माझे साहेब कुरामोची-सान. मी त्यांच्यापाशी जाऊन खोटं बोलायला तोंड उघडलं आणि का कोण जाणे, खरंच बोललो. "बायको एका शाळेत चित्रकलेची मॉडेल म्हणून बसते. आज चुकून वेगळी साडी नेसून गेली. पहिली साडी पोचवायची आहे."

कुरामोची-साननी चष्मा काढला. "किती आठवड्यांची पोझ?"

"चार."

"आज कितवा?"

"दुसरा."

"मग उभे काय राहिलात?" ते म्हणाले. "जा!"

मी पळालो. छप्पन्नाव्या वर्षी, आयडी कार्ड गळ्यात तसंच, कोट विसरून.

ओजिमाच्या त्या उंच सरकारी इमारतींत उल्का नवव्या मजल्यावर राहते. दारातच उभी होती. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली साडी होती. "काका, काकूंना सांगा, धुऊन कडक इस्त्री करून ठेवलीय. एक सुरकुती नाही बघा. शिवानीने घामाघूम केली होती."

"फार छान केलंस," मी म्हणालो. मला खरोखर छानच वाटलं. इस्त्रीची साडी पाहून त्या वर्गात काय होणार आहे, याची मला काय कल्पना?

शाळेत पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. दारात बूट काढून पाहुण्यांच्या सपाता घातल्या. त्या मला लहान होत्या, टाचा बाहेर. इइदा-सान वाट बघत होत्या. त्यांनी मला जिन्याने वर नेलं. मोठी, उत्तरेला खिडक्या असलेली खोली होती. वीस चित्रफळ्या गोल मांडलेल्या, मध्ये चौथऱ्यावर रिकामी खुर्ची. मुलांच्या हातात पावाचे तुकडे होते. मला वाटलं डबा खातायत. पण ती पावाचा मऊ भाग चोळून कोळशाच्या रेघा पुसत होती. कुमुदिनी खिडकीपाशी हात बांधून उभी होती. मला पाहून ती एवढंच म्हणाली, "आणा."

होसोया-सेन्सेईंनी पिशवीतली साडी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. ते इइदा-सानशी हळूच बोलले. इइदा-साननी मला सोप्या शब्दांत समजावलं. मागच्या आठवड्यात ही साडी मऊ होती, वापरातली. प्रत्येक घडी, प्रत्येक सावली मुलांनी टिपली होती. आता तिला इस्त्री झाली आहे. साडी तीच असली तरी घड्या त्याच कशा पडणार? सेन्सेईंनी आपल्या कॅमेऱ्यातला मागच्या आठवड्याचा फोटो शोधून समोर धरला. कुमुदिनीला दाखवून, तिला आरशासमोर उभं करून, इइदा-सानच्या मदतीने एकेक चुणी जुळवावी असा त्यांचा बेत होता.

कुमुदिनीने कॅमेऱ्याकडे बघितलंही नाही. "फोटो कशाला?" ती मराठीतच म्हणाली, मग जपानीत, "नको. दहा मिनिटं." आणि साडी घेऊन आतल्या खोलीत गेली.

मी तिचा नवरा, मला तरी कुठे माहीत होतं? ती साडी नेसताना आमच्या खोलीत रोज सकाळी मी असतो. बटणं लावत असतो, किल्ल्या शोधत असतो, चहा निवला म्हणत असतो. ती किती निऱ्या घालते, असं मला कोणी विचारलं असतं तर मी पाच म्हणालो असतो, नाहीतर दहा. आणि इथे वीस पोरांच्या शेवटच्या वर्षाचं चित्र माझ्या बायकोच्या हातावर अवलंबून होतं, आणि त्या हाताबद्दल मला काडीचीही माहिती नव्हती. लाज वाटली. तिथेच, त्या आखूड सपातांत उभ्या उभ्या लाज वाटली.

ती बाहेर आली. हिरवी इरकल, लाल पदर. चौथऱ्यावर चढली, टेपच्या खुणांत पावलं ठेवली आणि बसली. बसता बसता डाव्या हाताने निऱ्यांना एक हलका झटका दिला, पदर गुडघ्यावर सोडला, उजवा तळवा मांडीवर ठेवला. तिची नजर समोरच्या घड्याळावर स्थिरावली.

मुलं आपापल्या कागदाकडे बघत होती, मग तिच्याकडे, मग परत कागदाकडे. होसोया-सेन्सेई एका चित्रफळीमागून दुसऱ्या चित्रफळीमागे फिरत होते. मीही त्यांच्या मागून डोकावलो. कागदावर सात निऱ्या होत्या. समोर सात निऱ्या होत्या. कागदावर चौथी निरी पाचवीवर किंचित चढलेली होती, समोरही चढली होती. गुडघ्यावरून पदराचा काठ ज्या ठिकाणी वळत होता तिथेच वळत होता. मी आयुष्यभर चिरा मोजत आलेला माणूस आहे, अर्ध्या मिलिमीटरवर भांडणारा. मला फरक सापडेना.

सेन्सेईंनी घसा खाकरला. घोट्यापाशी एक बारीक चुणी मागच्या आठवड्यात होती, आज नव्हती. ते सांगायला पुढे झाले. तेवढ्यात कुमुदिनीने, नजर घड्याळावरून न काढता, पायाचा अंगठा जरासा आत घेतला. चुणी पडली.

"ओनाजी," मागून मिनागावा म्हणाली. तेच.

"ओनाजी! ओनाजी!" सगळ्या खोलीभर झालं. एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. इइदा-सान माझ्या दंडाला धरून हसत होत्या. सेन्सेईंनी चक्क दोन्ही हात वर केले, आणि लगेच लाजून खाली घेतले. मी? माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायला हातरुमाल नव्हता, कारण तो कोटात होता. साडेतीन दशकं ही बाई साडी नेसत आली होती. सासूच्या हाका ऐकत, अद्वैतला काखेत घेऊन, शाळेची घंटा व्हायच्या आत, माझ्या 'आटप' म्हणण्यावर. त्या सगळ्या सकाळी तिच्या हातात जमा झाल्या होत्या आणि आज वीस परक्या मुलांना त्या उपयोगी पडत होत्या. टाळ्या चालू होत्या तरी ती हलली नाही. फक्त तिची हनुवटी जराशी वर झाली असं मला वाटलं.

मग कोळसे कागदांवर चालू लागले. वीस मिनिटांनी गजर वाजला. सेन्सेई म्हणाले, "विश्रांती."

"दाइजोउबु," कुमुदिनी ओठ न हलवता म्हणाली. चालेल मला.

"पण कुमुदिनी-सान..."

"एक तास गेला. माझ्यामुळे. काढा तुम्ही."

चाळीस मिनिटांनी गजर पुन्हा वाजला. कोणी बंद करायला उठेना, शेवटी मीच जाऊन बंद केला. सत्तर मिनिटं ती बसली. मी दाराशी उभा राहून तिला बघत होतो. तिच्या कानामागे एक तीळ आहे. नाकाचा शेंडा थोडा डावीकडे आहे. विचार करताना ती खालचा ओठ आतून चावते, आणि त्या सत्तर मिनिटांत तिने तो तीनदा चावला. मिनागावाने यातलं सगळं टिपलं होतं. तिने ते एका गुरुवारात टिपलं होतं, आणि मी एकतीस वर्षं तिच्याच घरात राहत होतो.

सव्वाचारला ती उठायला गेली आणि पाय बधिर झाल्यामुळे पुन्हा खाली बसली. मी पुढे होऊन हात दिला.

"ऑफिस?" तिने विचारलं.

"सुटलं असेल."

"कोट कुठाय तुमचा? नोव्हेंबर आहे." आणि मग मुलांकडे वळून, तिच्या त्या मोडक्या जपानीत, स्पष्ट आवाजात म्हणाली, "पुढच्या गुरुवारी, हीच. त्याच्या पुढच्याही गुरुवारी, हीच."

मुलांनी उभं राहून कमरेत वाकून नमस्कार केला.

पुढचे दोन गुरुवार साडीला घरात कोणी हातही लावायचा नाही, असा हुकूम झाला. उल्काला फोनवर इस्त्रीबद्दल बरंच ऐकून घ्यावं लागलं, आणि पुढे तीच ओजिमाभर ही गोष्ट सांगत सुटली. मी सकाळी किल्ल्या शोधायच्या आधी एकदा बसायला शिकलो. पलंगाच्या कडेला बसून तिच्या निऱ्या मोजायच्या. सात. कधी चुकून सहा झाल्या, तर ती सोडून परत घालते. हे मला नव्यानेच कळलं. "काय बघताय?" असं तिने पहिल्या दिवशी विचारलं. दुसऱ्या दिवसापासून विचारणं सोडून दिलं.

फेब्रुवारीत प्रदर्शन झालं. शाळेच्या व्यायामशाळेत पडदे लावून भिंती केल्या होत्या. पालक होते, आजी-आजोबा होते, इतर शाळांचे शिक्षक होते. कुरामोची-सानही बायकोला घेऊन आले. एका लांब भिंतीवर ओळीने वीस चित्रं होती, आणि वीसही चित्रांत कुमुदिनी बसलेली होती. एकात ती राणीसारखी, एकात दमलेली, एकात नुसत्या निऱ्यांचा डोंगर आणि वर लहानसं डोकं. कुणाच्या कागदावर तिचे हात मोठे झाले होते. कुणी तिच्या कपाळावरच्या कुंकवापुरताच लाल खडू वापरला होता.

आम्ही आत शिरलो आणि लोक बाजूला झाले. कोणीतरी ओळखलं होतं, मग सगळ्यांनीच ओळखलं. होसोया-सेन्सेई पुढे येऊन वाकले आणि पुढच्या वर्षाच्या मुलांसमोर बसण्याबद्दल काही म्हणाले.

"मी हो म्हणून टाकलंय," कुमुदिनी मला म्हणाली. "एप्रिलपासून. तुम्हाला विचारलं नाही."

"बरं केलंस."

वीसही मुलं भिंतीपाशी, आपापल्या चित्राशेजारी उभी होती. युनिफॉर्मची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्यांची वर्षाची परीक्षा झाली होती, गुण मिळाले होते, तरी त्यांचे चेहरे पाहून तसं वाटत नव्हतं. ती तिची वाट बघत होती. मिनागावा सगळ्यात शेवटी होती, हात पाठीमागे घट्ट धरून.

कुमुदिनीने अंगातला कोट काढून माझ्याकडे दिला, चष्मा लावला आणि पहिल्या चित्रासमोर उभी राहिली. पायांपासून वरपर्यंत, सावकाश, कडेकडेने बघत गेली. मग त्या मुलाकडे वळली आणि मान हलवली. त्याने एवढा वेळ रोखून धरलेला श्वास सोडला. दुसऱ्या चित्रापाशीही तिने तितकाच वेळ घेतला. "खांदा इथे जरा उतरलाय," ती बोट न लावता दाखवत म्हणाली, आणि त्या मुलीने लगेच वही काढून ते लिहून घेतलं.

मागे लोकांची रांग लागली होती. कोणी पुढे जा म्हटलं नाही. ती तिसऱ्या चित्रापाशी गेली. मी तिचा कोट दोन्ही हातांवर धरून तिच्या मागे उभा राहिलो. अजून सतरा चित्रं बाकी होती.